रात्रीच्या खुणा नसलेली बाटली

बुधवारी तीन वाजता, काणकोणच्या इस्पितळात,
पणजीहून आलेल्या बाईंनी आम्हाला निळ्या चटया वाटल्या.
कर्मचारी स्वास्थ्य उपक्रम, सत्र पहिलं.
हजेरी सक्तीची, सही दोन ठिकाणी.
मी नाइट उतरून पैंगिणीला घरी गेले होते,
भात टाकून, कपडे वाळत घालून
दोनच्या कदंबाने परत आले,
मनःशांतीसाठी.

बाई चांगल्या होत्या. आवाज सलाइनच्या थेंबासारखा,
मोजून सोडलेला.
म्हणाल्या, डोळे मिटा.
सुलक्षा वेळीप लगेच घोरायला लागली.
कुणी हसलं नाही.
आमच्यात झोपलेल्याला उठवत नाहीत,
श्वास तेवढा बघतात.

म्हणाल्या, आता समुद्र आणा डोळ्यांसमोर.
लाट येते, श्वास आत. लाट जाते, श्वास बाहेर.

मी आणला.
तो आला पाळोळ्याच्या वाळूसकट,
गेल्या महिन्यातल्या त्या मुलासकट.
एकोणीस वर्षांचा, कुठल्याशा कॉलेजची सहल,
कानात वाळू, मनगटावर हॉटेलचा कागदी पट्टा,
इतका भिजूनही न सुटलेला.
पंचेचाळीस मिनिटं मी आणि जासिंतो
आलटून पालटून त्याच्या छातीवर.
तीस दाब, दोन श्वास.
लाट येते. लाट जाते.
मग डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ सांगितली
आणि मी ती लिहिली, सुवाच्य अक्षरात, घाईने,
कारण पलीकडच्या खाटेची सलाइन संपत आली होती.

बाईंनी विचारलं, काय दिसलं?
आवेलीना म्हणाली, पांढरे पक्षी.
मी म्हणाले, छान वाटलं.

मग बक्षीस. महिनाभर मोबाइलने मोजलेली पावलं,
सगळ्यात जास्त कुणाची? माझी.
लिफ्ट जूनपासून बंद आहे
हे मोबाइलला कळत नाही.
टाळ्या झाल्या. फोटो निघाला.
हातात आली ही बाटली, जांभळी, आरपार दिसणारी,
अंगावर वेळा छापलेल्या:
सकाळी सात, सुरुवात करा!
एक, अर्धी वाट सरली.
संध्याकाळी सात, शाबास!
सातनंतर तळ.
माझी ड्यूटी आठला लागते.

पाण्याचं असं आहे,
प्यायलं की जावं लागतं,
आणि जायचं तर वॉर्ड कुणाच्या हवाली करायचा?
अठरा वर्षांत मी तहान गिळायला शिकले.
मागच्या वर्षी मुतखडा निघाला.
रजेच्या अर्जात लिहिलं, घरगुती कारण.

त्या रात्री मात्र बाटली टेबलावर ठेवली.
कोऱ्या बाजूला मायक्रोपोरची उभी पट्टी चिकटवली
आणि पेनने लिहिलं,
नऊ, इन्सुलिनं.
बारा, सात नंबरची कूस बदलणे.
दोन, कारवारच्या रस्त्यावरून जो येईल तो.
चार,
चारपुढे काही सुचेना.
चारला कधी काहीच होत नाही, नाहीतर सगळं होतं.
तेवढ्यात अकरा नंबरला उलटी झाली.

चादर बदलून, हात धुऊन परत आले
तर चारसमोर जासिंतोचं अक्षर,
रोमी लिपीत, वाकडं, पट्टीबाहेर गेलेलं.
उदक पिये बाय. हांव आसां.

तो दारात स्टूल ओढून बसला होता,
वॉर्डाकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता.
मी बाटली तोंडाला लावली, दुपारच्या खुणेपर्यंत
एका दमात.
मग गेले.
आतून कडी लावली
आणि जरा वेळ तशीच उभी राहिले,
कडीवर हात ठेवून,
बाहेर कुणी हाक मारतं का ऐकत.