शिडीची तिसरी पायरी

बाईंनी फळ्यावर लिहिलं : पूर्वसूचन.
खडू तुटला, तुकडा घरंगळत माझ्या बाकाखाली आला.
नव्वद पानांची अमेरिकन लघुकादंबरी,
तिची झेरॉक्स शालिमारच्या दुकानातून, पंच्याण्णव रुपये,
सतरावं पान दोनदा आलेलं, एकविसावं नाहीच.

गोष्ट एका म्हाताऱ्याची.
माळावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करत फिरतो.
झाड नाही, डोंगर नाही, नुसतं गवत आणि वारा
आणि चक्कीची कुरकुर, पहिल्या ओळीपासून.
"चौथ्या पानावर बघा," क्षेमकल्याणी बाई म्हणाल्या,
"शिडीची तिसरी पायरी ढिली आहे.
लेखक उगाच काही ढिलं ठेवत नाही."
मागून बोरस्ते म्हणाला,
"मग आपल्या कॉलेजचा जिना कुणी लिहिलाय?"
वर्ग हसला. बाईही, थोड्या.

मी समासात लिहिलं, तिसरी पायरी,
आणि आमचा टीव्ही आठवला.
मी दहावीत असताना आवाजाचा आकडा
अठरावरून चोविसावर गेला होता.
मग अण्णा जेवताना
उजवा कान आईकडे करून बसू लागले.
मग एकदा "काय?"
मग दोनदा.
आमच्या घरात चौथं पान येऊन गेलं
तेव्हा आम्ही रिमोट शोधत होतो.

मी तांबट आळीतला.
आमच्याकडे पाळण्यातलं पोर ठोक्यांवर झोपतं,
आजोळी नेलं की दुपारभर रडतं.
अण्णांनी चाळीस वर्षं बंब ठोकले, घंगाळं ठोकली,
आणि कुंभमेळा जवळ आला की गडू, गडू, गडू,
अंथरुणातही पायाला गडूच लागायचे.

बाई पुढे गेल्या.
वारा दार ढकलून आत येतो आणि खुर्ची ओढून बसतो :
चेतनगुणोक्ती.
म्हाताऱ्याच्या हातातला पाना
मेलेल्या भावाच्या हातासारखा गार : उपमा.
बेचाळिसाव्या पानावर चक्की थांबते.
कुरकुर थांबते
आणि गाढ झोपलेला म्हातारा दचकून उठतो.
"शांतता इथे प्रतीक आहे. कशाचं?"
"मरणाचं," पहिला बाक म्हणाला.
पहिला बाक नेहमी मरणाचंच म्हणतो.

मी गप्प.
यंदा गडू ट्रकने आले, बाहेरून,
प्रेसवर दाबलेले, पुठ्ठ्याच्या खोक्यांत,
एकाच्याही अंगावर ठोका नाही.
दत्तूकाकांनी ऐरण भंगारात घातली,
मग समोरच्यांनी, मग कोपऱ्यावरच्यांनी,
आणि एका मंगळवारी दुपारी आळी थांबली.
मला कळलं नाही, मी मोबाईलमध्ये.
आईला कळलं नाही, ती मेथी निवडत होती.
ओट्यावर बसलेले अण्णा
एकदम उभे राहिले,
वाकून दगडावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
बराच वेळ.
"बंद पडलं का रे सगळं?"
बहिऱ्या माणसाचा आवाज,
आख्ख्या आळीने ऐकला.

परीक्षेत प्रश्न तिसरा :
शांततेचे प्रतीक स्पष्ट करा. गुण पाच.
मी माळ लिहिला नाही, चक्की लिहिली नाही.
आमचा ओटा लिहिला.
ज्याला ऐकू येत नाही त्यालाच आधी कळतं,
ह्याला उपरोध म्हणतात का, तेही विचारलं
(उत्तरपत्रिकेत प्रश्न विचारायचा नसतो, ठाऊक आहे).
दोन गुण पडले.
लाल शाईत, उदाहरण पुस्तकातून द्यावे.
मग त्याच लाल शाईने दोन खोडून अडीच केलेत,
का ते लिहिलेलं नाही.

पेपर घरी नेला. अण्णांनी चष्मा शोधला नाही.
पहिलं पान अंगठा आणि तर्जनीत धरून
नेहमी पत्रा चोळतात तसं चोळलं,
कानाजवळ नेऊन वाजवलं, सवयीने,
आणि सगळ्या आळीला सांगितलं,
"पातळ आहे. पण वाकवलं तर मोडणार नाही."