शून्याची खूण

मोर्लानाच्या जुन्या धक्क्याला एकोणीस पायऱ्या.
अकराव्या पायरीवर
कुणी पाथरवटानं कोरलेला मासा आहे,
शेपूट शेवाळात, डोळा उघड्यावर.
डोळा बुडला की भरती, दिसला की सुकती,
एवढाच हिशोब होता आमच्या शहराचा पाण्याशी.

मग कमिशन आलं.
तीन झेंडे, चार भाषा,
आणि एक पितळी पट्टी, जिचं शून्य
त्यांच्या राजधानीतून आणलेलं
लाकडी पेटीत, भुश्शात घालून,
अंडी आणावीत तसं.

माझे वडील नेवेन्को, भरतीमापक.
दिवसातून सहा वेळा पट्टी वाचायचे,
निळ्या वहीत लिहायचे:
उणे अडतीस. उणे पन्नास. उणे एकेचाळीस.
रात्री सार्डिनचे काटे काढताना आईला म्हणायचे,
बघ दारिंका, आपला समुद्र
जन्मभर त्यांचं काहीतरी देणं लागतो.

दर तीन वर्षांनी नवा आयुक्त.
एकानं बंदरावर लिंबाची झाडं लावली,
पुढच्यानं ती उपटून तोफ ठेवली,
त्याच्या पुढच्यानं तोफेत जिरेनियम लावलं.
सगळेच वाईट नव्हते, हेही लिहायला हवं.
कर्नल व्हेस्टरलुंडनं डोंगरावरून नळ आणले
आणि आमच्या गल्लीतली पोरं
उन्हाळ्यात मरायची थांबली.
योज्का मावशी त्याच्या घरी इस्त्री करायची.
बोरा वारा सुटला की
रस्त्यात बांधलेले दोर धरून चढ चढायची,
पाठीवर त्याचे बारा सदरे,
एकालाही सुरकुती नाही.

शाळेत आम्ही
परक्या नद्या पाठ केल्या, उगमापासून मुखापर्यंत.
आमच्याकडे नदी नव्हतीच,
त्यामुळे कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

नोव्हेंबरातली ती रात्र.
दक्षिणेचा वारा, अमावास्येचं उधाण.
वडील कंदील घेऊन पट्टीपाशी.
उणे वीस.
उणे अकरा.
उणे चार.
नियमावली, कलम सात:
पाणी शून्यावर गेल्यासच भोंगा वाजवावा.
मिठाची कोठारं तेव्हा विरघळत होती.
खालच्या आळीत पेरिना विधवेच्या तळघरात
तिचे दोन भाडेकरू झोपले होते,
कोळशाच्या बोटीवरचे, नावं कुणाला माहीत नव्हती.
मासा सदतीस सेंटिमीटर पाण्याखाली होता,
वडिलांना ठाऊक होतं.
हात भोंग्याच्या दांड्यावर होता.

वाजवला नाही.

चौकशीत त्यांची वही अचूक ठरली.
पगारात वाढ मिळाली, त्यांच्याच नाण्यांत.
त्यानंतर रोज रात्री ते अकराव्या पायरीवर बसायचे,
बाही कोपरापर्यंत दुमडून
पाण्यात हात घालून दगड चाचपायचे,
आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसे.
आम्ही जेवायला हाक मारत नसू.

कमिशन गेलं एका मंगळवारी, बँड वाजवत.
झेंडे नेले, तोफ नेली,
जिरेनियम वाटेवर सांडत गेलं.
पट्टी मात्र राहिली.
आमच्या माणसांनी आठवड्याभरात
सगळ्या रस्त्यांची नावं बदलली.
शून्याचं विचारायला मीच गेले होते.
सचिव चांगला होता, आमच्याच आळीतला,
कॉफी दिली, मग म्हणाला,
बाई, बासष्ट वर्षांची कोष्टकं आहेत,
बोटींचे नकाशे, विम्याचे करार.
शून्य हलवलं तर
सगळं बंदर हलेल.

खरंच आहे ते.

आता निळी वही माझ्याकडे.
शाईचा रकाना कार्यालयाचा,
समासात पेन्सिलीनं माझा एक.
तपासनीस येतो, समास बघतो,
खोडायला सांगत नाही, विचारतही नाही.

आज पहाटे सव्वापाच. वारा पडलेला.
शाईनं: उणे एकेचाळीस.
पेन्सिलीनं: डोळा ओला.