घसारा

सुवामध्ये मंगळवार, सकाळचे नऊ.
मांगाया बेटावर अजून सोमवारच चालू,
म्हणजे तेओकोताई माझ्या तासाला
आदल्या दिवशीच येऊन बसतो.
दिसत नाही. काळा चौकोन, खाली नाव.
कधी माइक उघडा राहतो,
कोंबडा आरवतो, कुणी नारळ खोवतं,
मी बंद कर म्हणत नाही.

आज घसारा शिकवला:
बोटीचं इंजिन, किंमत बारा हजार, आयुष्य आठ वर्षं.
"कळलं?" विचारून थांबले.
न कळल्याची शांतता
आणि न पोचल्याची,
सतरा वर्षांत मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत.

मग त्याच्या चौकोनातून बाईचा आवाज:
"मिस सेरेइमा, आमचं इंजिन वीस वर्षांचं.
वहीत ते कधीच संपलं, असं लिहायचं?
परवा त्यानंच मासे आणले."
कोण बोलतंय?
"त्याची आई, तेपाएरू. तो रात्री समुद्रावर होता, झोपलाय.
फेब्रुवारीपासून टिपणं मीच काढते."

उत्तर होतं माझ्याकडे.
"किंमत शून्य झाली, तरी वस्तू..."
इथे चौकोन गोठला.

हजेरी त्याच्या नावावर लावली,
तारीख मात्र तिकडची, कालची.