गैरसमजातून

शाळेच्या व्हॅनला बॅज लागतो,
बॅजला चारित्र्याचा दाखला,
आणि दाखल्यावर ठाण्यानं टाईप करून दिलं:
गुन्हा प्रलंबित. आरोपी क्रमांक सहा.

मला क्रमांक आहे हे मी विसरलो होतो.
विसरलो म्हणजे,
तारीख पडायची, ढकलली जायची,
पंच सापडायचा नाही.
आरोपी तीन वारला.
आरोपी एक नगरसेवक होता होता राहिला.
मी शिरोलीला फाउंड्रीत कोअर केले, लग्न केलं,
टेम्पो घेतला, विकला.
एकोणीस वर्षं अशीच जातात,
खटला आपल्याला धरून असतो, आपण त्याला नाही.

शिरगुप्पे वकीलबाई म्हणाल्या,
बेंच आता इथंच आलंय, मुंबईचं तिकीट वाचलं.
जखमीला घेऊन या.
त्याची हरकत नसेल तर रद्द होतंय बघा.

जखमी.
म्हणजे प्रमोद बुचडे, त्यांच्या तालमीचा लेफ्ट बॅक.
आता पहाटे गंगावेशीत म्हशी घेऊन येतो.
मी गेलो तेव्हा धार काढत होता.
मान वर न करता म्हणाला, कोण?
मी नाव सांगितलं. ओळख पटेना.
सहा नंबर, म्हणालो.
"थांब मग. म्हैस सोडून उठता येत नाही."

थांबलो. गिऱ्हाइकं पेला भरून घेत होती,
फेस ओठाला लावून निघून जात होती.
त्याच्या डाव्या भुवईत बोटभर जागेत
केस उगवलेले नाहीत.
मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं
आणि तिकडंच बघत राहिलो.

"दगड तुझाच होता काय?"
एक माझा होता. तुला लागला तो कुणाचा, ठाऊक नाही.
"मला तरी कुठं ठाऊक. मी बॉलकडं बघत होतो."
मग त्यानं मला पेलाभर दूध दिलं,
पैसे मात्र घेतले.

जबाब वाचून दाखवताना बाई संथ वाचतात:
सदरची घटना गैरसमजातून घडली असून
उभयतांत आता कोणताही वाद उरलेला नाही.
प्रमोद म्हणाला, गैरसमज कसला? गोल बरोबर होता आमचा.
मी म्हणालो, ऑफसाईड होता.
नव्हता.
होता, प्रमोद, अर्धा मैदानभर ऑफसाईड होता.
बाईंनी चष्मा काढला. वाद उरलाय का?
नाही, नाही, दोघंही म्हणालो,
आणि त्यानं सही केली, वळणदार, शाळेतल्यासारखी.

मी बाईंना हळूच विचारलं,
दगड मारला होता असं लिहिता येतं का कुठं?
गैरसमज नव्हता, मॅडम. मी खाली वाकलो,
दोन बारके टाकून दिले, तिसरा हातात बसला.
त्या म्हणाल्या, तसं लिहिलं
तर रद्द करा म्हणून मागायचं कशाला?
त्यांचंही बरोबर.

पहिल्या पानावर मी अर्जदार आहे,
चौथ्यावर अजून आरोपी.
एक नंबर पुसायला दुसरा नंबर मिळाला आहे.
कोर्टासमोर रस्त्यापलीकडं सीपीआर.
तिथंच रात्री त्याला सात टाके घातले होते.
प्रमोद स्कूटरला किक मारताना
त्या दाराकडं बघत म्हणाला,
"भूल दिली नव्हती लेका. संपली म्हणाले."
आणि गेला, म्हशींची वेळ झाली होती.

तारीख दिवाळीनंतरची आहे.
ठाण्यातला हवालदार सांगतो, ऑर्डर आली
की कॉम्प्युटरवरनं काढू,
रजिस्टरचं पान काही फाडता येत नाही.
राहू दे म्हणालो. खरंच राहू दे.

काल स्टेडियमच्या कडेनं येत होतो.
आत गोल झाला असावा,
भिंतीपलीकडून तो आवाज आला.
पाय थांबले. खिशातला हात मिटला,
आणि मुठीत काय आहे हे बघायला
मला हात बाहेर काढावा लागला.
व्हॅनची किल्ली होती.