वही क्रमांक एकतीस

काळंबर संस्थान आता कुठल्याच नकाशात नाही,
पण त्याची सभा भरते.
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझगावच्या टेकडीवर,
काळंबर हाउसच्या पहिल्या मजल्यावर,
जिथल्या खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात
आणि सभासदांपेक्षा त्या जास्त हलतात.

उजवीकडे सरदार, नऊ.
डावीकडे धर्मपीठ, नऊ :
पाच मठाचे, तीन दर्ग्याचे, आणि फादर घोन्साल्विस,
ज्यांना मोजायला सगळे विसरतात, मतदान येईपर्यंत.
मध्ये गादी. गादीवर पगडी.
पगडीखाली कुणी नाही. महाराज मस्कतला असतात,
एसीच्या धंद्यात.

मी विजयकरबाई, लघुलेखक.
टेबल भिंतीला, पंख्याच्या टप्प्याबाहेर.

थोरल्या पातीचे रणनवरे कुर्ल्याला टायर रिमोल्ड करतात.
धाकट्या पातीत आता इंगवले एकटेच उरलेत,
तरी बैठक वेगळी घेतात, इतिवृत्तासकट.
भांडण जुनं :
कुणाच्या पणजोबाने कुणाच्या पणजोबाला
विडा डाव्या हाताने दिला.
मठातही विरूपाक्षस्वामी आणि त्यांचे उत्तराधिकारी
एका पंगतीला बसत नाहीत.
उत्तराधिकाऱ्याच्या डोळ्यांत फार वाट पाहणं आहे,
घास उतरत नाही म्हणतात.

यंदा प्रश्न एकच. बिल्डर.
बावीस मजले.
मठाची अट : नव्या इमारतीत मासळी शिजणार नाही.
काझीसाहेबांचा अटीला पाठिंबा,
तळमजल्यावरच्या दोन दुकानांपुरता.
इंगवल्यांचाही, कारण रणनवरे विरोधात.
फादर म्हणाले, मला बांगडा आवडतो.
नऊ आणि नऊ.

मग कलम अकरा निघालं, वाळवी लागलेलं :
मते समसमान पडल्यास
पूर्वीच्या सभेत जे बोलले गेले ते वाचावे,
तीच राजाज्ञा.
म्हणजे सत्त्याऐंशी साल. वही एकतीस. म्हणजे मी.

हे होणार हे त्यांना आधीच माहीत होतं.
आदल्या रात्री ठाकुरद्वारला रणनवरे येऊन गेले :
बाई, बाविसाव्यावर एक खोली, समुद्राकडे तोंड.
त्यांचा जिना उतरून होतो तोच उत्तराधिकारी, प्रसाद घेऊन :
स्वामींचं काय, आज आहेत.
वही मात्र राहते.

माझ्या रेघा वाचणारं आता कुणी नाही.
शिकवणाऱ्या धुरंधरबाई गेल्या, वर्गातल्या पोरी गेल्या,
क्लास होता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
मी काहीही वाचलं असतं.
बत्तीस मजलेसुद्धा.

चष्मा पुसला. पान उघडलं.
त्या दिवशी कुणीतरी दोन तास बोललं होतं
आणि माझा हात मध्येच घरी निघून गेला होता.
गादीसाठी राखलेल्या आवाजात मी वाचलं, लिहिलं होतं तेच :
सुके बोंबील, अर्धा किलो.
खोबरेल.
नंदूची फी, सोमवारच्या आत.

सभा उठून उभी राहिली.
राजाज्ञा! रणनवऱ्यांनी बाक बडवलं.
स्वामी डोळे मिटून म्हणाले,
सुके म्हटलंय, ओल्याचा उल्लेख नाही.
खोबरेल म्हणजे समईचं तेल, ते मठाकडे येतं.
काझींनी फी मदरशाची ठरवली.
नंदू कोण, यावर इंगवल्यांनी समिती मागितली
आणि समितीत एकट्याचंच नाव सुचवलं.
चहा येईपर्यंत जुन्या पात्या मोडल्या होत्या.
आता सुके आणि ओले.
उत्तराधिकारी ओल्यांत, अर्थात.
फादर तोंडावर रुमाल धरून हलत होते.
मी कंसात लिहिलं : हशा.

खाली बिल्डरचा माणूस गाडीत एसी लावून झोपला होता.
मी टेकडी उतरले, रस्ता ओलांडून भाऊच्या धक्क्यावर गेले.
कोळीण म्हणाली, किती देऊ, मावशी?
अर्धा किलो, म्हटलं. सुके.
पिशवी घेऊन बराच वेळ लाँच बघत राहिले.
नंदूची फी त्या सोमवारी भरली होती का,
ते काही वहीत नाही.