पोच

म्हसळ्याच्या टपाल टेबलावर
हसवारे हेडक्लार्क पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
"कागद आला की पोच द्यायची.
कुणाचा, कुणाविरुद्ध, ते बघायचं नाही.
शिक्का, तारीख, आकडा."
मी बावीस वर्षांची होते,
मला वाटलं, हे तर हमालाचं काम.

आता सोहार.
कॉलेजची दुसरी इमारत, जिन्याखालची खोली.
एसीचं पाणी बादलीत पडतं, थेंब मोजता येतात.
दाराबाहेर तक्रारपेटी. तिची किल्ली
उपप्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये.
मागे तपासणी आली तेव्हा उघडली,
तर आत दोन चॉकलेटचे कागद आणि वाळलेली पाल.

लिन्सी वर्गीस पेटीपाशी थांबली नाही, आत आली.
पाठीवरची सॅक पोटाशी धरून बसली.
"प्रोजेक्टचे सर रात्री आठला लॅबमध्ये बोलावतात," म्हणाली,
आणि बराच वेळ बादलीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "दार लावून घेतात."
मग, "पप्पांचं कंत्राट कॉलेजकडंच आहे ना,
असं दोनदा विचारलं त्यांनी."
फॉर्मवर घटनेसाठी तीन ओळी.
मी तिला मागची कोरी बाजू दाखवली.

खरं सांगते, जिभेवर दुसरंच वाक्य होतं.
माझं जुनं, वापरून गुळगुळीत झालेलं:
बेटा, सहा महिनेच तर राहिलेत,
डिग्री घे, मग बोल.
दोन वर्षांपूर्वी मी ते बद्रियाला दिलं होतं
तिच्या कागदाच्या बदल्यात.
तिने कागदाची घडी केली, शुक्रिया म्हणाली,
आणि सहा महिने काही राहिली नाही.

आता ती हायपरमार्केटच्या सात नंबर काउंटरवर.
तूरडाळ, चिंच, पाव
एकेक वस्तू लाल उजेडावरून सरकवते.
माझ्याकडे बघत नाही. बघत नाही असंही नाही.
शेवटी पावती देते.
दर गुरुवारी.
जिला मी पोच दिली नाही, ती मला न चुकता पावती देते.

तर लिन्सीच्या कागदावर शिक्का मारला.
इतका जोरात, की टाचण्यांची डबी उडाली.
आवक दोनशे बारा. वेळ दहा चाळीस.
एक प्रत तिला. "घरी ठेव, सॅकमध्ये नको."
आणि ती जिना चढायच्या आत
रजिस्टरात घेतले
दोनशे तेरा: बसपासची मुदतवाढ,
दोनशे चौदा: जिन्याखालच्या खोलीत एसी गळतो.
तो माझाच अर्ज, आठ महिने लिहायचा राहिलेला.

दुपारी साहेबांचा पी.ए. आला.
"मॅडम, ते बारा नंबरचं
जरा तोंडीच घेतलं असतं तर..."
म्हटलं, "राशिदभाई, पुढचे आकडे चढलेत.
मधला दात पाडला तर फट दिसते."
तो रजिस्टरवर बोट ठेवून उभा राहिला.
मग म्हणाला, "तुमचं रेसिडेन्सी कार्ड कधी संपतंय?"
"मार्चमध्ये," मी म्हटलं. मला पाठ होतं.

पुढचं माहीत नाही. समिती बसेल म्हणतात.
समित्या बसतात, हे मी म्हसळ्यातही पाहिलंय.
उठताना कमी पाहिल्यात.

गुरुवारी सातला मोठी रांग, पाच नंबर रिकामा.
मी सातलाच थांबले.
बद्रियाने पावती दिली. मी ती पर्समध्ये टाकली नाही.
उलटी केली, तिचंच पेन मागितलं, लिहिलं:
जिन्याखालची खोली. रविवार ते गुरुवार,
साडेसात ते अडीच.
जुन्या तारखेचा कागदही चालतो.

मागच्या माणसाचं दूध पट्ट्यावरून पुढे आलं.
तिने पावती गल्ल्याखाली सरकवली.
पेन माझ्याकडेच राहिलं.