कोरा चौकोन

निफाडला पारा चारवर उतरला
त्याच आठवड्यात पक्ष्यांची गणती निघाली.
द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर
वर जायला तयार नव्हता,
आमच्या गुडघ्यांएवढाच चालत होता सोबत.
पुढे निवृत्ती सानप, मागे मी,
आणि मध्ये जुन्या शालीत गुंडाळलेली
तीन पायांची दुर्बीण.

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
रेघ सरकली, शाई फुटली,
आकडा केसाएवढा कलला
की ताव बाजूला.
माझ्या टेबलावरून एकही वाकडी नोट बाहेर गेली नाही.
निदान निरोपाच्या भाषणात तरी तसं म्हणाले.
निवृत्तीनं हे कुठूनसं ऐकलं
आणि गोदेच्या फुगवट्यावरचे सगळे थापट्ये
माझ्या नावावर केले.

"दहा-दहाचा गठ्ठा धरा, ताई."
मी गठ्ठा धरते, गठ्ठा उडतो.
चांदवे पाणकणसांत शिरतात
ते मोजलेले की राहिलेले?
शेकाट्या आपल्याच प्रतिबिंबावर उभा,
चार पाय, दोन चोची.
अडीचशे लिहिलं. खोडलं. दोनशे ऐंशी.
प्रेसमध्ये अशा हिशेबावर
चौकशी बसली असती.

मग बेशरमीच्या झुडपापलीकडे
उघड्या पडलेल्या गाळात
मालगुजांचा थवा.
बरणीच्या तळाशी राहिलेली फोड
लांब चमच्यानं चाचपावी
तशा चोची आत-बाहेर.
निवृत्ती एकदम खाली बसला.
"डावीकडून सहावा. पायात पट्टी आहे.
माझ्या डोळ्यांना नाही झेपत. आकडा तुमचा."

मी चष्मा कपाळावर सरकवला.
पिवळी पट्टी, काळी अक्षरं, वर चिखल.
एच.
सात.
आणि पक्ष्यानं नेमका तोच पाय
पोटाच्या पिसांत ओढून घेतला,
चोच पाठीत खुपसली
आणि झोपला.

आम्ही वाट पाहिली.
चप्पल गाळात हळूहळू खाली जात होती, जाऊ दिली.
पलीकडच्या उसात कुणी पंप लावला, बंद केला.
दहा वाजले असतील.
खूप वर, उत्तरेला,
जिथे जूनमध्ये अंधारच पडत नाही म्हणतात,
तिथली जमीन म्हणे ओल्या गोधडीसारखी:
एका टोकाला पाय दिला
की दुसऱ्या टोकाची खुरटी झाडं हलतात.
तिथे कुणीतरी शेवाळात गुडघे टेकून
याला मुठीत धरलं असणार,
डासांनी तोंड फोडून काढलेलं,
पण हात स्थिर.
बोटांखाली ते इवलं काळीज धडधडताना
तिनं (मी तिला बाईच धरलं)
पट्टी बसवली, आकडा वहीत उतरवला,
दोनदा ताडून पाहिला,
आणि मूठ उघडली.
तिच्या वहीत आकडा पूर्ण आहे.

"आठ असावा," निवृत्ती म्हणाला.
"मला पुसट दिसलं. आठ टाका."
"नाही."
"मग तीन?"
"निवृत्ती, नाही."

दलदली भोवत्या वरून आला,
पंख न हलवता, पाण्याला नुसता घासून,
आणि सगळा काठ उठला.
थापट्ये, चांदवे, माझे दोनशे ऐंशी,
सगळे एकाच आवाजात.
आमचा झोपाळू कुठला, कळलं नाही.
उडताना सगळ्यांचेच पाय मागे, लांब, सारखे.

मी लिहिलं: एच, सात,
आणि पुढे एक कोरा चौकोन.
रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ आल्या,
हाताला सवय आहे.
निवृत्तीनं वहीत डोकावून पाहिलं
आणि थर्मासचं झाकण भरून चहा दिला.
त्याला तो चौकोन आवडला नव्हता.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं सुट्टे दिले.
दहाच्या नोटेचा कोपरा फाटलेला.
पूर्वी मी ती हातात ठेवली नसती.
चिखलाचा एकच पाय घेऊन
खिडकीशी बसले,
नोट वहीत घातली,
त्याच पानात.